हिशेब की हिशोब?

माझ्या खिशाला गेली पंचवीस वर्षे दोन पेने असतात. एक निळे आणि एक तांबडे. निळ्या पेनाने मी कादंबऱ्या लिहितो. तांबड्याने मुलांच्या वह्या तपासतो. निळ्याने मला आजवर फारसे काही मिळवून दिलेले नाही. तांबड्याने मात्र पोटाला दिले आणि वर थोडा गर्वही दिला. शाळेत माझी नेमणूक चित्रकलेच्या शिक्षकाची. माझे पुस्तकी शिक्षण दहावीपर्यंत, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिकपर्यंत. त्यानंतर शिकलो ते रंग आणि कुंचल्यापुरतेच. पण लहान शाळेत कुणाचा तास कुणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नसतो, आणि हे गृहस्थ कादंबऱ्या लिहितात म्हटल्यावर मराठीच्या वह्यांचा गठ्ठा आपोआपच माझ्या टेबलावर येऊन पडतो.

त्या वह्यांत दर वर्षी एक शब्द हमखास सापडतो. मुले 'हिशोब' लिहितात. मी 'शो'वर रेघ मारतो आणि वर 'शे' लिहितो. मला लहानपणी 'हिशेब' शिकवले, मीही तेच शिकवतो. पंचवीस वर्षांत असे किती 'हिशोब' मी दुरुस्त केले असतील कुणास ठाऊक! माझ्या या उद्योगाला कुणी हरकत घेतली नव्हती. गेल्या वर्षी गणपतीत मात्र माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि या तांबड्या रेघेचे काहीतरी बिनसले. त्याचीच ही गोष्ट आहे.

हा मुलगा कुंभारीचा. सोलापूरबाहेर कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची वसाहत आहे. १० हजार घरांची ती वसाहत २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांच्या स्वाधीन झाली. त्यांतलेच एक घर याच्या आईचे. पोरगा तिथून सिटी बसने आमच्या शाळेत येई. डब्याला तंबाखूचा वास येतो म्हणून तो डबा बाजूला बसून खाई, हे मला अजून आठवते. पुढे तो शिकला, पुण्याला एका कंपनीत संगणकाच्या कामाला लागला. दर गणपतीत पाया पडायला येतो. गेल्या वर्षी आला तो लॅपटॉप घेऊनच.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, मला तुमच्याकडून थोडे शब्द पाहिजेत."

शब्द मागायला माझ्या दारात आजवर कुणी आले नव्हते. मी अंमळ सावरून बसलो. "कशासाठी रे?"

"मी एक ॲप करतोय. विडी वळणाऱ्या बायकांसाठी. पान किती आणलं, विड्या किती दिल्या, त्यांतल्या खराब म्हणून किती बाजूला काढल्या, मजुरी किती झाली, फंड किती कापला. अम्माचं सगळं एका कार्डावर असतं आणि ते कार्ड तिला वाचता येत नाही. लहानपणापासून मीच वाचून दाखवत आलो. आता मी पुण्याला असतो."

हे मला फार आवडले. ज्याने आईचे कार्ड वाचले त्यानेच असे यंत्र करावे, यात एक न्याय होता. मी लगेच निळे पेन काढले आणि पाच मिनिटांत एक सुंदर नाव कागदावर उतरवले : 'विडी कामगार भगिनी श्रमलेखा सहायक'. त्याने ते वाचले, आदराने मान हलवली आणि लॅपटॉपवर मोजले.

"सर, नाव तीस अक्षरांच्या आत पाहिजे. हे बत्तीस होतंय."

मी बोटांवर मोजले. सतरा. "सतराच तर आहेत!"

मग त्याने मला समजावून सांगितले. ते यंत्र काना निराळा मोजते, वेलांटी निराळी मोजते, मधली रिकामी जागाही मोजते. आणि 'श्र' हे एक अक्षर आहे असे आपण समजतो, तिथे त्याला 'श', पाय मोडल्याची खूण आणि 'र' अशी तीन दिसतात. बाराखडी शिकवणाऱ्या माणसाला बाराखडीचा असा जमाखर्च प्रथमच कळला. पण खरी अडचण पुढेच होती. तो म्हणाला, "आणि सर, हे नाव कुणी शोधणार नाही. लोक काय लिहून शोधतात ते आधी बघावं लागतं. नाहीतर सहा महिने राबायचं आणि दुकानात कुणी फिरकायचंच नाही."

वाचकांपैकी ज्यांना या दुकानाची ओळख नाही (मला तरी तोवर कुठे होती!) त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ॲपलने आपले ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले तेव्हा त्यात ॲपे होती ५००. गूगलचे दुकानही त्याच वर्षी निघाले. २०१२ पासून त्याला प्ले स्टोअर म्हणतात. आज दोन्ही दुकानांत लाखोंनी ॲपे आहेत. आपल्या मंगळवार पेठेत दुकान शोधायचे तर माणूस पाट्या वाचत जातो. इथे पाट्या वाचत जायला सारा जन्म पुरणार नाही. म्हणून दाराशी एक चौकट असते, तिच्यात शब्द लिहायचा आणि दुकानदार पुढे करील ते घ्यायचे. तेव्हा माल चांगला असून भागत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द आणि आपल्या पाटीवरचा शब्द जुळावा लागतो. गूगल नावाबरोबर ॲपचे सगळे वर्णनही वाचते. ॲपलने शंभर अक्षरांची एक गुप्त पेटी दिलेली असते, तिच्यात आपले शोधशब्द भरायचे. ते गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, दुकानदाराला दिसतात.

आणि ॲप बांधायच्या आधीच हे शब्द तपासून पाहिले, तर आपल्या कल्पनेत काही दम आहे की नाही हेही कळते म्हणतात. रीत साधी आहे. चौकटीत शब्दाची दोन-तीन अक्षरे लिहायची. दुकानदार खाली आपणहून पुढचे शब्द सुचवतो. बहुधा लोक जे वारंवार विचारतात तेच त्याच्या ओठांवर असते. मग त्या शब्दाला कोणकोणती ॲपे पुढे येतात ती पाहायची. किती जणांनी ती उतरवून घेतली, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, आणि एक-एक तारा देऊन लोकांनी खाली काय बोटे मोडली आहेत ते वाचायचे. पुष्कळ लोक विचारतात पण आत बसलेले दुकानदार थोडे किंवा आळशी आहेत, असा शब्द सापडला की जागा चांगली. कुणी विचारीतच नाही असा शब्द निघाला, की कल्पना कितीही गोड असो, गाशा गुंडाळायचा.

"म्हणजे बाजारात जाऊन भाव काढणे," मी म्हणालो.

"तसंच सर. फक्त इथे नक्की आकडा दुकानदार सांगत नाही. बाहेरची साधनं अंदाज बांधतात."

मला हे सारे शब्दांच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे वाटले, हे मी लपवून ठेवीत नाही. लेखकाने शब्द निवडायचा तो अर्थाच्या तोलाने. किती जण तो उच्चारतात हे मोजून का निवडायचा? पण नंतर मला २०२४ चा जुलै महिना आठवला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हाची गोष्ट. महिन्याला दीड हजार रुपयांची ती योजना. शाळेच्या व्हरांड्यात मुलांच्या आया फोन घेऊन उभ्या. मी मोठ्या ऐटीत एकीचा फोन घेतला आणि चौकटीत शुद्ध मराठीत 'बहीण' लिहिले, ही दीर्घ. अर्ज ज्या ॲपवर भरायचा होता त्याचे नाव होते 'नारीशक्ती दूत'. मला ते ठाऊक नव्हते आणि मी नुसताच बहीण शोधीत बसलो. शेवटी सातवीतल्या एका मुलीने फोन माझ्या हातून घेतला, काय लिहायचे ते तिला पाठ होते. त्या आयांच्या तोंडी एक शब्द, ॲपच्या पाटीवर दुसरा, आणि शुद्धलेखन येणारे गुरुजी मधल्या मध्ये! त्यांतल्या बहुतेक जणी तर 'बहिण' असे ऱ्हस्वच लिहीत होत्या, नाहीतर रोमन लिपीत. 'बहीण'चे रूप चालवताना 'बहिणीला' होते आणि तिथे ऱ्हस्व होते, म्हणून ही चूक होते, हे मी त्यांना समजावून सांगू शकलो असतो. त्या वेळी कुणाला ते ऐकायला सवड नव्हती.

दुसरे उदाहरण तर आमच्या घरच्या भिंतीवरचेच. आमच्या सोलापूरला पंचांगाचे मोठे माहात्म्य. दाते पंचांग इथूनच निघते, शंभराहून अधिक वर्षे निघत आले आहे. पण आमच्या मातोश्रींना तिथी पाहायची असली की त्या म्हणतात, "कालनिर्णय बघ रे." भिंतीवर कोणतीही दिनदर्शिका असो, ती 'कालनिर्णय'च. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढले. पुढे नावाचाच शब्द झाला. अशा ठिकाणी नव्या माणसाने पंचांगाचे ॲप काढायचे ठरवले तर शोधशब्दांचा तक्ता त्याला काय सांगेल? विचारणारे उदंड, पण ते एका ठरलेल्या नावानेच विचारतात आणि त्या नावाचा धनी घरात बसलेला आहे. मागणी आहे म्हणून आपल्याला जागा आहे, असे होत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी तो तक्ता करून आला. मी दिलेले चाळीस शब्द त्याने एका बाजूला मांडले होते. श्रम, वेतन, लेखा, नोंद, मजुरी, हिशेब. बहुतेकांसमोर भोपळा. 'हिशेब'समोरही भोपळा. त्याने आपल्या मनाने खाली एक ओळ घातली होती : 'हिशोब'. तिच्यासमोर आकडा होता, आणि तोच शब्द रोमन अक्षरांत लिहिला तर आकडा आणखी मोठा होता. पंचवीस वर्षे मी ज्या शब्दावर रेघ मारीत आलो, त्या शब्दाच्या दारात माणसे उभी होती.

पण आम्हा दोघांनाही त्याहून मोठा धक्का शेवटच्या ओळींत होता. 'विडी मजुरी' शून्य. 'विडी हिशोब' शून्य. 'विडी कामगार ॲप' शून्य. सगळ्यात मोठा आकडा होता तो 'पीएफ बॅलन्स'ला, आणि तिथे तर जत्रा भरलेली. सरकारचे 'उमंग' २०१७ पासून आहे, त्यात फंडाचे पासबुक दिसते. शिवाय त्याच शब्दाची पाटी लावून बसलेली खाजगी ॲपे किती! खालचे अभिप्राय वाचले तर कुणी ॲपलाच कचेरी समजून आपले गाऱ्हाणे मांडलेले.

पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "सर, मी नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलाय. दिवाळीनंतर देणार होतो."

"आणि खाणार काय?"

"अम्माचं काम पुढच्या वर्षी थांबतंय. तिच्या फंडाचे पैसे येतील. ती म्हणते, ते लाव तुझ्या कामाला. वर्षभर निघेल."

आता मला बसल्या जागी घाम फुटला. कारण तो फंड म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा विडीच्या धंद्याला १९७७ साली लागू झाला. घरात बसून सुपात पान-तंबाखू घेऊन विडी वळणारी बाई ही कामगार आहे की नाही, यावरच वाद होता. ती कामगारच आहे, तिलाही फंड मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला १९८५ साली सांगावे लागले. पान भिजवायचे, कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या की हजाराची मजुरी. अशा हजारांतून थेंब थेंब साठलेला तो पैसा. तो या शून्यांच्या तक्त्यावर लावायचा?

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझी पहिली कादंबरी कुणी छापीना, तेव्हा मी ती पदरमोड करून छापली. बंद पडलेल्या गिरणीवर ती लिहिली होती. नाव इतके अवघड ठेवले होते की आमच्या ग्रंथपालांनी नोंद करताना ते मला दोनदा विचारले. पाचशे प्रती. त्यासाठी बायकोच्या दोन पाटल्या सावकाराकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. प्रती मात्र पुष्कळशा परत आल्या. आजही आमच्या पलंगाखाली आहेत आणि पाहुणे आले की त्यांच्यावर गादी घालता येते. गिरणीवरची कादंबरी कुणी मागते आहे का, असे मी कुणालाही विचारले नव्हते. विचारले असते तर मी ती लिहिलीच नसती, असे मी वर्षानुवर्षे अभिमानाने सांगत आलो.

त्या दिवशी त्या पोरासमोर बसून मला प्रथमच कळले की या अभिमानात मी दोन गोष्टींची गल्लत केली होती. विचारले नाही आणि कादंबरी लिहिली, याचे मला आजही दुःख नाही. विचारले नाही आणि पाटल्या गहाण टाकल्या, हे चुकले. बाजाराचा तक्ता एखादी गोष्ट करण्याजोगी आहे की नाही हे सांगू शकत नाही. तिच्यावर दुसऱ्याचे सोने लावावे की नाही, एवढे मात्र तो चांगले सांगतो.

मी त्याला म्हणालो, "राजीनामा फाडून टाक. फंडाला हात लावू नकोस. ॲप टाकून दे असे मी म्हणत नाही. आधी मला एक सांग, हे शून्य म्हणजे नक्की काय?"

प्रश्न मास्तरी होता, पण उपयोगी ठरला. त्याने सांगितले की गूगलच्या शोधांचा कल दाखवणारे जे साधन आहे, त्यात सगळ्यांत चढत्या दिवसाला शंभर धरतात आणि बाकीचे त्याच्या मानाने. शून्य दिसले म्हणजे एकानेही विचारले नाही असे नव्हे. मोजण्याइतके विचारले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ॲपलच्या जाहिरात विभागातही शब्दाची लोकप्रियता मोजतात ती पाचापासून शंभरापर्यंत. तिथे पाचाच्या खाली पायरीच नाही.

"मग ज्यांनी विचारलेच नाही त्यांना आपण विचारू," मी म्हणालो. आणि त्या रविवारी मी कुंभारीला गेलो.

त्याच्या आईला मी अक्का म्हणतो. अक्कांनी सूप बाजूला ठेवले, ओढणीसारखा पदर सारखा केला आणि चहा टाकला. शेजारच्या चार-पाच जणी आपापले सूप घेऊनच उंबऱ्याशी बसल्या. हात थांबवणे त्यांना परवडत नाही. निम्मे बोलणे मराठीत, निम्मे तेलुगूत. पोराने आईच्या हातात फोन दिला, माइकची खूण दाखवली आणि म्हणाला, "अम्मा, तुला काय पाहिजे ते यात बोल."

अक्का लाजल्या. "मला काय येतंय सर त्यातलं?" मग फोन तोंडाशी धरून, पलीकडच्या बहिऱ्या माणसाला सांगावे तशा मोठ्याने म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात माझ्या किती विड्या बाजूला काढल्या?"

चौकटीत ते सारे वाक्य उमटले आणि खाली भलतेच खेळ येऊन उभे राहिले. सगळ्या जणी हसल्या. मला हसू आले नाही. चाळीस शब्द मी जोडले होते, आणि त्यांत हा प्रश्न कुठेही नव्हता. मजुरीचा दर त्यांना तोंडपाठ होता. कार्ड न वाचता हजाराची मजुरी त्या बोटांवर काढीत होत्या. फंडाला त्या 'फंड'च म्हणत. 'पीएफ' हा मुलांचा शब्द. हिशेब चुकतो तो एकाच ठिकाणी, काढून टाकलेल्या विड्यांत. आणि नेमके तेच कुठे लिहिलेले नसते. एक म्हातारी म्हणाली, "दिल्या किती ते आम्हाला माहीत. काढल्या किती ते त्यांना माहीत."

फोन कुणाचा, हेही त्या दिवशी कळले. सहा घरांत फोन होते, पण दिवसभर ते मुलांच्या खिशात. बायकांच्या हाती येतो तो रात्री, व्हिडिओ बघण्यापुरता किंवा तिरुपतीचे दर्शन बघण्यापुरता. ज्यांना गरज आहे त्यांची बोटे त्या चौकटीपर्यंत पोचतच नव्हती, मग तक्त्यात आकडा उमटणार कुठून?

पुढचे काम त्याने पुण्यात, नोकरी सांभाळून, रात्रीच्या वेळी केले. ॲप दुकानात ठेवायचे तर गूगलचे खाते उघडायला एकदाच २५ डॉलर पडतात. पण आणखी एक नियम आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर ज्याने एकट्याच्या नावाने खाते उघडले, त्याने ॲप सर्वांपुढे मांडण्यापूर्वी काही माणसांकडून ते सलग १४ दिवस वापरून घ्यावे लागते. आधी माणसे २० लागत, पुढे १२ केली. या नियमाला कंटाळून लोक अनोळखी माणसांची नावे गोळा करतात म्हणे. आमच्याकडे बारा बायका तयार बसल्या होत्या. अडचण निराळीच आली. खात्याचा परवलीचा शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. तिघींचे खाते तर फोन विकणाऱ्या दुकानदारानेच उघडून दिलेले. ते सारे उलगडण्यात एक अख्खी सुट्टी गेली.

चौदा दिवसांनी पाहिले तर बारांपैकी सात जणी अजून नोंद करीत होत्या. सातांपैकी सहा जणींनी मजुरीचा रकाना उघडलासुद्धा नव्हता. त्यांनी भरले होते फक्त दोन आकडे : दिलेल्या आणि काढलेल्या. पोराने मोठ्या हौसेने केलेली बाकीची सहा पाने पुसून टाकली. आता ॲप उघडले की दोन चौकोन दिसतात आणि खाली आठवड्याची बेरीज. एका शनिवारी अक्कांनी कारखान्यात आपला आकडा सांगितला. समोरच्याने वही उलटून पाहिली, आकडा पुन्हा एकदा वाचला. एवढेच झाले. भांडण नाही, जयजयकार नाही. पण वही उलटून पाहिली जाणे हीच गोष्ट त्या गल्लीत दोन दिवस बोलली जात होती.

नाव काय द्यायचे हे त्या बारा जणींनाच विचारले. माझ्या 'श्रमलेखा'ला कुणी हातही लावला नाही. नऊ जणींनी एकच नाव सांगितले, 'विडी हिशोब'. जागेसकट दहा अक्षरे. दुकानातले वर्णन मराठीत लिहायचे काम माझ्याकडे आले. मी ते निळ्या पेनाने लिहिले आणि त्यात सात ठिकाणी स्वतःच्या हाताने 'हिशोब' लिहिले. एकदा चुकून 'हिशेब' लिहून गेलो. पोराने ते तसेच राहू दिले. म्हणाला, "असू द्या सर. एखादा तुमच्यासारखा शोधणारा असला तर त्यालाही सापडायला पाहिजे."

त्या ॲपने कुणी श्रीमंत झालेले नाही आणि होणारही नाही. दुकानात ते शोधत येणारे अजून थोडेच; बहुतेक जण शेजारणीच्या फोनवर पाहून घेतात. पोरगा पुण्याच्या नोकरीत आहे. अक्कांचे काम यंदा थांबले. फंडाचे पैसे बँकेत आहेत, आणि त्यांतून एकदा तिरुपतीला जाऊन यायचे असे त्या म्हणतात. माझ्या बायकोने ही सारी हकीकत ऐकली. पाटल्यांविषयी ती काही बोलली नाही. फक्त पलंगाखालच्या प्रती काढून तिने एकदा ऊन दाखवले.

परवा सहामाहीच्या वह्या तपासत होतो. एकाने निबंधात लिहिले होते, 'माझी आई रोज रात्री विड्यांचा हिशोब लिहिते.' सवयीने तांबडे पेन 'शो'वर गेले आणि रेघ ओढलीही गेली. वही हाती पडल्यावर तो पोरगा टेबलाशी आला आणि नम्रपणे म्हणाला, "सर, पण ॲपवर तर 'हिशोब'च लिहिलंय."

ते कुणी लिहिले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. मी वही परत मागून घेतली, मारलेल्या रेघेवर पुन्हा 'शो' लिहिला आणि कापलेला अर्धा गुण परत दिला.